म्हैस चालेना! सहा भागांची कार्टून सिरीज, सबमिशन मार्चात

चंद्रीची_मालकीण

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं कोल्हापुरात उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहोत आणि फायनल प्रोजेक्ट म्हणून छोटी कार्टून सिरीज करायची ठरवून बसलोय. सहा भाग, प्रत्येकी तीन मिनिटं. गोष्ट अशी की चंद्री नावाची म्हैस आहे आणि गण्या म्हणून तिसरीतलं पोरगं आहे, गण्याच्या घरचे रोज रात्री म्हशी घेऊन गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जातात, आणि तिथं उभ्या उभ्या धारोष्ण दूध प्यायला जी माणसं येतात (तालमीतली पोरं, रात्रपाळीवाले, पुण्याचे पाहुणे जे आधी नाक मुरडतात आणि मग दुसरा ग्लास मागतात) त्यांच्याबद्दल चंद्रीला काय वाटतं ते प्रत्येक भागात. शेवटचा भाग दिवाळी पाडव्याच्या म्हशींच्या मिरवणुकीचा, रंगवलेली शिंगं, मोरपिसं, कवड्यांच्या माळा आणि पुढं सायलेन्सर काढलेली मोटरसायकल.

आता रडगाणं. पाच आठवडे झाले, चाळीस सेकंद तयार आहेत. त्यात पण म्हैस चालताना कुणीतरी टेबल सरकवल्यासारखी दिसत्या. ड्रॉइंग सगळी मी काढतो, एकजण बॅकग्राउंड रंगवतो, एका पोरीकडं लॅपटॉप आहे (आय फाईव्ह, आठ जीबी रॅम) म्हणून एडिटिंग तिच्याकडं, आणि चौथा आवाज देतो, म्हणजे आवाज द्यायचा असेल तेव्हा असतो, बाकी वेळ चहाला असतो. (मी मुलगीच आहे. आमच्याकडं पोरी पण करतो-जातोच म्हणतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) सरांना विचारलं तर म्हणाले मी पोस्टर आणि पॅकेजिंगवाला माणूस, तुमचं तुम्ही बघा पण वेळेत द्या.

तर विचारायचं असं की चार महिन्यात हे होईल का, क्रिटा (आम्ही चित्रं काढतो ते सॉफ्टवेअर) सोडून दुसरं काय घ्यावं का, आवाज आधी का चित्र आधी, आणि म्हशीच्या पायांचं काय करू? पाय काढून काढून स्वप्नात पण खुर यायला लागलेत. स्केचचे फोटो खाली टाकलेत, हसा पण उत्तर द्या.

पेन्सिलीचं_टोक

हसलो नाही, कारण मी पण हेच केलंय. पुण्यात स्टुडिओत अकरा वर्षं काढली, आता गावी शिकवण्या घेतो.

आधी हिशोब. अठरा मिनिटं म्हणजे १०८० सेकंद. सेकंदाला २४ फ्रेम (पडद्यावर येणारी एकेक चित्रं), प्रत्येक ड्रॉइंग दोन फ्रेम धरायचं म्हटलं तरी सेकंदाला १२ ड्रॉइंग, म्हणजे १२,९६०. चार महिन्यांचे १२० दिवस धर, एकही सुट्टी नाही, परीक्षा नाही, कुणाचं लग्न नाही, तरी रोज १०८ ड्रॉइंग आणि तेही रंगासकट. तू एकटी काढतेस. त्यामुळं पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही, आणि त्यात तुझी काही चूक नाही, स्टुडिओत पण एवढं काम एका माणसावर कोण टाकत नाही.

सहाचे चार भाग कर आणि भाग एका मिनिटाचा कर. २४० सेकंद झाले, कागदावर २,८८० ड्रॉइंग, पण त्यातली निम्म्याहून जास्त काढायचीच नसतात. माणूस बोलत असताना धड हलत नाही, फक्त तोंड हलतं. बॅकग्राउंड सरकवलं की पात्र जागेवर चालून पण पुढं जातं. डोळ्यांची उघडझाप तीन ड्रॉइंगमध्ये होते आणि तीच सगळ्या भागात वापरता येते. असं जमवत गेलं की खरी ड्रॉइंग सात-आठशेवर येतात, आणि ती चार महिन्यात निघतात.

लहानपणी टीव्हीवर योगी बेअर बघितला असशील, त्याच्या गळ्यात कॉलर आणि टाय असतो. तो काय नटायची हौस म्हणून नाही. योगी बनवणाऱ्या हॅना-बार्बेरा स्टुडिओवाल्यांना टीव्हीसाठी आठवड्याच्या आठवड्याला भाग द्यायचे असायचे, कॉलरपाशी डोकं आणि धड वेगळं केलं की धड तसंच ठेवून नुसतं डोकं नवीन काढता येतं आणि सांधा दिसत नाही. तुझ्या चंद्रीच्या गळ्यात कवड्यांची माळ आहेच की! पाडव्यापर्यंत कशाला थांबतेस, पहिल्या भागापासून घाल.

सॉफ्टवेअर बदलू नको. क्रिटात हात बसलाय तर क्रिटाच. ओपनटूंझ चांगलं आहे, २०१६ पासून फुकट आहे, जपानच्या घिब्ली स्टुडिओनं त्याचीच आवृत्ती वापरलीय, पण ते शिकण्यात तुझा डिसेंबर जाईल आणि शेवटी चंद्रीचे पाय तुलाच काढायचेत, घिब्लीवाले येणार नाहीत.

फास्टफॉरवर्ड_९९

एवढा कुटाणा कशाला, एआयला सांगा ना, म्हैस घालून दोन दिवसात सहा भाग करून देईल.

चंद्रीची_मालकीण

@फास्टफॉरवर्ड करून बघितलं दादा. पहिल्या शॉटात म्हैस, दुसऱ्यात रेडा, तिसऱ्यात गळ्यात घंटा बांधलेली स्वित्झर्लंडची गाय. आणि तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक कच्च्या स्केचची वही मागतात, तिथं काय दाखवू, मोबाईल?

@टोक सर, १२,९६० वाचून आम्ही चौघं पाच मिनिटं गप्प होतो. चौथा पण होता.

करवीरचा_गवळी

ताई मला ॲनिमेशनमधलं काय कळत नाही, पोरानं धागा दाखवला म्हणून वाचलं. पण घरात सात म्हशी हायत आणि तुमचं चित्र बघून गप्प बसवेना.

एक तर तुमच्या म्हशीला शिंगं गाईची काढलीत. आपल्याकडं पंढरपुरी म्हैस असती, तिची शिंगं लांब, तलवारीसारखी मागं खांद्यापर्यंत गेलेली. मुऱ्हा काढायची असंल तर कानामागं गोल वेटोळं जिलबीसारखं. तुमचं हाय ते वरती चंद्रकोर, ते म्हशीला नाही शोभत, भले नाव चंद्री असू दे.

दुसरं, चालताना म्हैस मान खाली घालून चालत नाही. नाक पुढं काढून चालती, तोंड आडवं, शिंगं मागं पाठीकडं टेकल्यासारखी. सगळ्या जगाचा वास घेत चालल्यासारखी. मान खाली घातली की ती बैल वाटती.

पाय असे पडतात बघा, डावा मागचा, मग डावा पुढचा, मग उजवा मागचा, मग उजवा पुढचा. एका बाजूचा मागचा पाय पुढच्याच्या जागेवर येऊन पडायच्या बेताला पुढचा उचलतो. तुमच्यात दोन्ही पुढचे एकदम आणि दोन्ही मागचे एकदम चाललेत, ते उड्या मारणारं वासरू झालं. आणि अंग दोन्ही बाजूला डुलतं, पोट एका अंगाला जातं, मग दुसऱ्या.

रवंथ करताना जबडा वरखाली होत नाही, आडवा फिरतो, जात्यासारखा. थोड्या वेळानं थांबती, गिळती, एक क्षण अगदी विचारात पडल्यागत, आणि मग गळ्यातनं खालनं वर गोळा येताना दिसतो, की परत सुरू. तुमच्या चंद्रीला विचार करायला लावायचा असंल तर तिथंच लावा. आमची तर त्या टायमाला खरंच कुणाचा तरी हिशोब करत असल्यासारखी दिसती.

आणि एवढं चालवायला कशाला लागतंय तिला, उन्हाळ्यात नदीत घातली की दुपारभर हलत नाही. फक्त नाक, डोळं आणि शिंगं वर. माशी बसली की कान फडकवती, बास.

पेन्सिलीचं_टोक

गवळीदादा, तुम्ही आत्ता या पोरीचे तीन महिने वाचवलेत, तुम्हाला कळलं का?

अगं चंद्रीला पाण्यात बसव! पंचगंगेत, दुपारी, फक्त डोकं वर. पायच नाहीत! पाण्याच्या रेषेखाली काय आहे ते कुणाला दिसत नाही आणि योगीच्या कॉलरपेक्षा भारी सांधा मिळाला. मी बसून मोजलं: डोकं एक, कान फडकायला चार ड्रॉइंग, डोळा तीन, जबडा आडवा फिरायला सहा (गिळायचं आणि गोळ्याचं धरून दहा), पाण्याच्या वलयांची तीन ड्रॉइंग आलटून पालटून, आणि ती सावकाश म्हणजे प्रत्येक चार फ्रेम धर, पाणी घाईत नसतं. एकवीस ड्रॉइंगमध्ये म्हैस जिवंत होते. एकवीस! आणि तीच चारी भागात चालतात.

गोष्ट थोडी फिरवावी लागेल. रात्री कट्ट्यावर जे झालं ते चंद्री दुसऱ्या दिवशी दुपारी नदीत बसून आठवते. कट्ट्याच्या शॉटात अंधार, पिवळा बल्ब, माणसांचे हात आणि ग्लास, चंद्रीचा एखादा डोळा आणि शिंगाचं टोक. पुण्याच्या पाहुण्याचं नाक मुरडणं हे एकच ड्रॉइंग आहे, त्यावर दीड सेकंद थांब आणि तेवढ्या वेळात चंद्रीला रवंथ थांबवू दे. हशा तिथं आहे, पायात नाही.

पाडव्याच्या भागात पळणाऱ्या म्हशी अजिबात काढू नको. गर्दीची डोकी एकाच रंगात, पाठमोरी, फेटे-टोप्या, आणि त्यांच्यावरनं मोरपिसं लावलेली शिंगं डावीकडून उजवीकडं सर्रकन सरकत जाऊ देत, मोटरसायकलीचा आवाज, धूर. आठ शिंगजोड्या कापून ठेवल्या की पन्नास म्हशी पळवता येतात.

चालणं मात्र एकदाच काढ, शेवटच्या भागात, नदीतनं बाहेर येताना. गवळीदादांनी सांगितलेल्या क्रमानं. चार भाग तिचे पाय बघितलेले नसतात म्हणून तेव्हा ते बघताना मजा येईल, आणि परीक्षकांना पण कळेल की तुला येत नव्हतं म्हणून लपवलं नव्हतंस.

वाकळेतला_आवाज

आवाजाचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितोय. हौशी नाटकात ध्वनी बघतो, राज्य नाट्य स्पर्धेला दोन-तीनदा केलंय.

आवाज आधी. कायम आधी. चित्र आधी काढून नंतर त्यात वाक्य कोंबायला गेलात की एकतर वाक्य घाईत म्हणावं लागतं नाहीतर तोंड नुसतं उघडं राहतं. चौघांनी बसून अख्खा भाग मोबाईलवर वाचून काढा, अडखळत का होईना, स्टोरीबोर्डचे (शॉटवार काढलेल्या कच्च्या चित्रांचे) फोटो त्याच्यावर मांडा, झाला तुमचा ॲनिमॅटिक. तो आईला दाखवा. आई जिथं मोबाईलवरनं नजर काढून गॅसकडं बघते तेवढा भाग कापा.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ नको. फॅन बंद, फ्रिजचं बटण बंद (नंतर चालू करायला विसरू नका, आमच्यात एकदा दोन लिटर दूध नासलं आणि महिनाभर ऐकून घ्यावं लागलं), दोन खुर्च्यांवर आजीची जाड वाकळ टाकून तिच्या आत तोंड घालून बोलायचं. वाकळेसारखं घुमणं मारणारं दुसरं काय नाही, मी फोम आणून बघितलाय. मोबाईल तोंडासमोर न धरता जरा कडेला, म्हणजे प आणि फ ला भप्प होत नाही. शेवटी अर्धा मिनिट कुणी न बोलता खोलीची नुसती शांतता पण रेकॉर्ड करा, दोन वाक्यांच्या मध्ये तीच लावायची, नाहीतर मध्येच आवाज मेल्यासारखा वाटतो.

ओठ जुळवायला मराठीत सहा तोंडं पुरतात. प-ब-म ला मिटलेलं, आ ला मोठं उघडं, ओ-उ ला चंबू, ई-ए ला ताणलेलं, फ-व ला खालचा ओठ दाताला, आणि बाकी सगळ्याला अर्धवट उघडं. प्रत्येक अक्षराला तोंड बदलू नका, स्वरावर बदला, पण मिटलेलं तोंड चुकवू नका, 'म्हैस'चा म उघड्या तोंडानं म्हटला की लहान पोराला पण कळतं. तोंड आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी आलेलं चालतं, नंतर आलेलं नाही. ऱ्हुबार्ब नावाचं फुकटचं टूल आवाज ऐकून तोंडं कुठं बदलायची ते काढून देतं, फक्त ते मुळात इंग्रजीसाठी आहे, त्यात फोनेटिक पर्याय निवडा म्हणजे मराठीचं बऱ्यापैकी जमतं.

चंद्री तर मनातल्या मनात बोलते ना? मग तिचं तोंड हलवायचंच नाही, नुसतं रवंथ! अजून शंभर ड्रॉइंग वाचली. आणि भाषा कोल्हापुरीच ठेवा. पुस्तकी मराठीत विचार करणारी म्हैस गंगावेशीत शोभायची नाही.

रेंडरबाबा

तांत्रिक दोन शब्द, कारण गेल्या वर्षी आमचं प्रोजेक्ट दसरा चौकात स्पीडब्रेकरवर हार्ड डिस्क खिशातनं पडून गेलं. एकच कॉपी होती. मागनं केएमटीची बस आली. चूक माझीच, बॅगेची चेन तुटलेली म्हणून खिशात ठेवली होती. तेव्हा तीन ठिकाणी कॉपी ठेवा, आणि त्यातली एक तरी दुसऱ्याच्या घरात.

आठ जीबी रॅमवर क्रिटात एक शॉट एक फाईल. अख्खा मिनिट एका फाईलीत घालू नका, क्रिटा फ्रेम रॅममध्ये धरतं, लॅपटॉप बसेल. फाईलींना भाग१_शॉट०४_व्ही२ अशी नावं द्या, 'फायनल', 'फायनल खरं', 'आता हेच फायनल' नको. एक्सपोर्ट व्हिडिओत न करता पीएनजीच्या सिक्वेन्समध्ये (प्रत्येक फ्रेमचं वेगळं चित्र) करा, लाईट गेली तर जिथं थांबलंय तिथनं पुढं, व्हिडिओ असेल तर पहिल्यापासनं. क्रिटात २४ एफपीएस (सेकंदाला २४ फ्रेम) असेल तर एडिटिंगमध्ये पण २४च ठेवा, तिकडं २५ राहिलं की दर सेकंदाला एक फ्रेम चुकत जाते आणि मिनिटाच्या शेवटी तोंड दोन सेकंद लांब गेलेलं असतं. आम्ही आठवडाभर ओठ नव्यानं काढत बसलो होतो, एक आकडा बदलायचा होता.

टायटलला मराठी अक्षरं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये टाईप करू नका, जोडाक्षरं सुटतात, रफार भलतीकडं जातो. इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप करून पाथ करून (म्हणजे अक्षरांचे आकार करून) न्या. फॉन्ट मुक्ता किंवा बलू घ्या, दोन्ही 'एक टाईप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचे आणि खुल्या परवान्याचे. संगीत सिनेमातलं उचलू नका, यूट्यूबवर टाकलं की कॉपीराइटचा क्लेम येतो. तुमच्यात कुणाला हलगी येते का? दोन मिनिटं हलगी रेकॉर्ड केली की चारी भागांचं झालं.

चंद्रीची_मालकीण

उशीर झाला उत्तर द्यायला, कारण कामाला लागलो! तुम्ही सगळे म्हणजे नाद खुळा.

चार भाग, एकेक मिनिटाचे. सगळे नदीतनं सुरू होतात. सर आधी म्हणाले सहाचे चार कसे काय, सिनॉप्सिसमध्ये सहा लिहिलेत, मग त्यांना १२,९६० चा कागद दाखवला, त्यांनी गुपचूप सही केली. शिंगं बदललीत, पंढरपुरी केलीत, आणि खरं सांगतो, शिंगं बदलल्या बदलल्या ती एकदम कुणीतरी झाली, आधी नुसतं काळं जनावर होतं. रवंथ दहा ड्रॉइंगमध्ये बसला. गिळून झाल्यावर गोळा वर यायच्या आधी १४ फ्रेम काहीच होत नाही, तेवढ्यात तिचं वाक्य टाकलं, "दुसरा ग्लास मागतोय बघ आता." आईला दाखवलं, गॅसकडं बघितलं नाही.

हलगी चौथ्याला येते! चार वर्षं बरोबर आहे, कधी बोलला नाही.

आता एकच अडलंय. कट्ट्यावर धार काढतानाचा आवाज. नळाचं पाणी स्टीलच्या भांड्यात सोडून बघितलं, ते नळाचं पाणीच वाटतंय.

वाकळेतला_आवाज

नळ सतत वाहतो, धार तुटक असते, एक इकडची एक तिकडची. खरी रेकॉर्ड केल्याशिवाय नाही जमायचं.

करवीरचा_गवळी

बरोबर हाय. रिकाम्या भांड्यात पहिली धार पडली की टणटण वाजती, मग भांडं जसं भरंल तसा आवाज खाली जातो आणि शेवटी फेसात पडती तेव्हा नुसतं फस्स फस्स. आम्ही अंधारात आवाजावरनं सांगतो किती दूध झालं ते.

रेकॉर्ड करायचं असंल तर पहाटे साडेचारला या, पत्ता पोरगा मेसेजमध्ये पाठवंल. एकानंच यायचं, गर्दी नको, नवीन माणूस बघितलं की आमची थोरली पान्हा चोरती आणि मग मला डेअरीत उत्तर द्यावं लागतं. मोबाईल सायलेंटवर. आणि जो कोण येणार त्याला सेंट मारून येऊ नको म्हणावं.

चंद्रीची_मालकीण

चौथ्याला पाठवतो दादा. सेंटचं सांगितलंय, आंघोळ करून येऊ का नको ते विचारतोय.

करवीरचा_गवळी

नको. तशीच ओळख लवकर हुती.